शाईची साक्ष

दाताच्या मुळातील नस नासल्यावर किंवा मेल्यावर तिची नलिका साफ करून बुजवण्याच्या क्रियेस आज आपण सरसकट 'रूट कॅनाल' म्हणतो. परंतु ती नलिका खरोखर बुजली की नाही, ह्याचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करावा, ह्या वादाचा इतिहास त्या क्रियेइतकाच उद्बोधक आहे. मलायातील वृक्षांच्या चिकापासून होणारा जो गटापर्चा एकोणिसाव्या शतकात समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या तारांचे कवच झाला, तोच 1867 च्या सुमारास अमेरिकेतील बोमन ह्या दंतवैद्याच्या हातून दाताच्या मुळात उतरला. तथापि तो दाताच्या भिंतीस आपण होऊन चिकटत नसल्यामुळे, चिऱ्यांच्या सांध्यांत चुना भरावा तसे त्याच्याभोवती लुकण भरणे प्राप्त झाले. ह्या लुकणासच दंतवैद्य 'सीलर' म्हणतात.

1931 साली पुढे आलेल्या रिकर्ट ह्या संशोधकाच्या लुकणात झिंक ऑक्साइडची भुकटी, चांदीची पूड आणि आपल्या आजीबाईंनी ठणकत्या दातावर पिढ्यान्‌पिढ्या लावलेले लवंगेचे तेल असे. परंतु त्यातील चांदीने दात काळवंडत, म्हणून फिलाडेल्फियाच्या ग्रॉसमन ह्यांनी 1958 साली चांदीविरहित पाठ सिद्ध केला. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये श्रोडर ह्यांनी एपॉक्सी रेझिनचे 'एएच 26' आणले, आणि पुढे चुन्याच्या संयुगांची व ओलाव्यानेच घट्ट होणाऱ्या बायोसिरॅमिकची लुकणे आली.

एवढे दावेदार उभे राहिल्यावर त्यांची तुलना करणे ओघानेच आले. काढलेल्या दाताची नलिका भरावयाची, मुळाच्या टोकाचा अल्प भाग वगळून बाकी सर्वांगास नखांचा रंग फासावयाचा, दात मेथिलीन ब्लूच्या शाईसारख्या निळ्या द्रावणात बुडवावयाचा, मग तो उभा चिरून रंग किती मिलिमीटर आत शिरला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, अशी ह्या तुलनेची परीक्षा होती; रंग जितका आत, तितकी लुकणाची गळती अधिक, असे मानत. परंतु भरावाच्या पोकळीत हवा अडकून राहिली, तर ती रंगाला वाट देत नाही, आणि निर्वात पेटीत तोच प्रयोग केला असता रंग कितीतरी पुढे जातो, हे 1989 च्या सुमारास उघड झाले. म्हणजे जी साक्ष प्रमाण मानून निकाल दिले जात होते, ती साक्षच डळमळीत निघाली! दाबाखाली द्रव ढकलून पाहणे, जंतू पलीकडे कधी पोचतात ते मोजणे, असे अन्य उपायही योजले गेले. परंतु एका कसोटीस उतरलेले लुकण दुसरीत मागे पडे.

इकडे 1995 साली रे आणि ट्रोप ह्या संशोधकांनी 1010 दातांच्या क्ष-किरण चित्रांवरून निष्कर्ष काढला, की मुळाच्या टोकाशी रोग राहतो की नाही, हे नलिकेच्या भरावापेक्षा दाताच्या वरच्या भरावावर अधिक अवलंबून असते. अखेरीस 2007 मध्ये अमेरिकेतील 'जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स'च्या संपादक मंडळाने गळतीची केवळ अशी तुलना करणाऱ्या लेखांस आपले दार बंद केले.

सर्वश्रेष्ठ लुकण कोणते, ह्या प्रश्नाचा निकाल शाईला देता आला नाही. वाचकाने मात्र त्यातून एवढा बोध घ्यावा, की मुळाचे काम उरकले, ठणका थांबला, म्हणून वरचा पक्का भराव उद्यावर ढकलू नये.