बेदाण्यावर बुडालेला देश

ब्लॅक करंट आइसक्रीम आपण सगळ्यांनीच खाल्लंय. त्यातल्या करंटचा विजेशी काही संबंध नाही, आणि गंमत म्हणजे द्राक्षाशीही नाही. ते एका वेगळ्याच झुडपाचं फळ. पण त्याला नाव मिळालं ते एका बेदाण्यावरून, आणि त्या बेदाण्याला नाव मिळालं ते ग्रीसमधल्या कोरिंथ शहरावरून. कोरिंथचं झालं करंट. मिऱ्याहून थोडा मोठा, बिनबियांचा, जवळजवळ काळा बेदाणा. आजची गोष्ट याची. या एवढ्याशा बेदाण्याने १८९३ मध्ये एका देशाला दिवाळखोरीच्या दारात नेऊन उभं केलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. करंटचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे इंग्रज. त्यांच्या केकमध्ये आणि पुडिंगमध्ये हा बेदाणा हवाच. व्हेनिसच्या ताब्यातल्या झांटे आणि केफालोनिया बेटांवरून तो लंडनला जायचा. तिथल्या लिव्हँट कंपनीचे व्यापारी यावर गब्बर झाले, आणि त्यांच्यापैकीच काही जण १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढण्यात पुढे होते. म्हणजे बघा, आपल्या इतिहासातही हा बेदाणा मागच्या दाराने शिरलाच! १६०६ मध्ये जॉन बेट नावाच्या व्यापाऱ्याने करंटवरचा जादा कर भरायला नकार दिला. पार्लमेंटला न विचारता राजा असा कर लावू शकतो का, यावर खटला चालला. बेट हरला, पण राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं करांचं भांडण पुढे बरीच वर्षं पेटत राहिलं.

१८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र झाला. देश गरीब, जमीन डोंगराळ, उद्योगधंदे जवळपास नाहीत. परदेशात हमखास खपणारी एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे करंट. पेलोपोनीजच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर बागा वाढत गेल्या आणि पात्रास हे बंदर त्या व्यापारावर मोठं झालं. इथपर्यंत सगळं हळूहळू आणि ठीक चाललं होतं.

मग फ्रान्समध्ये एक किडा आला. फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेला, द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या बागा अचानक वाळायला लागल्या. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुन्हेगार शोधून काढला, पण इलाज सापडायला वेळ लागला. १८७५ मध्ये फ्रान्सचं वाइन उत्पादन सुमारे ८.४५ कोटी हेक्टोलिटर होतं, १८८९ मध्ये ते २.३४ कोटींवर आलं.

आता फ्रेंच माणूस वाइन सोडणार का? त्यांनी जुगाड केला. बेदाणे आणायचे, पाण्यात भिजवायचे, आंबवायचे, झाली वाइन! आणि स्वस्त, भरपूर बेदाणा कुठे होता? ग्रीसमध्ये.

भाव चढले आणि पेलोपोनीजमध्ये अक्षरशः झुंबड उडाली. लोकांनी गव्हाची शेतं मोडून वेली लावल्या, काही ठिकाणी पिढ्यान्पिढ्यांची ऑलिव्हची झाडं तोडून लावल्या, सावकाराकडून कर्ज काढून लावल्या. देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक पैसा या एकाच पिकातून यायला लागला. पंतप्रधान त्रिकूपिस हा दूरदृष्टीचा माणूस. त्याला रस्ते, रेल्वे, कालवे हवे होते. त्यासाठी परदेशी कर्जं काढली. ती फेडायला परकीय चलन लागणार, आणि ते देणार करंट. कागदावर हिशोब अगदी चोख होता.

फक्त फ्रान्स गप्प बसलेला नव्हता. फिलॉक्सेराला अमेरिकन वेलींची मुळं दाद देत नाहीत हे कळल्यावर फ्रेंचांनी अमेरिकन खुंटावर आपल्या वेलींची कलमं बांधायला सुरुवात केली. (नाशिक-सांगलीकडे डॉगरिज खुंटावर थॉमसनचं कलम बांधतात ना, तंत्र तेच. डॉगरिजही मूळचा टेक्सासचाच. आपल्याकडे कारण मात्र वेगळं: खारी जमीन आणि पाण्याची टंचाई.) बागा पुन्हा फळायला लागल्या, तशी फ्रेंच शेतकऱ्यांना बेदाण्याची वाइन डोळ्यांत खुपायला लागली. १८८९ मध्ये कायदा आला: ताज्या द्राक्षांची तीच वाइन. १८९२ मध्ये आयात शुल्क वाढलं.

संपलं! १८९३ मध्ये भाव कोसळले. त्याच वर्षी उन्हाळ्यात कोरिंथचा कालवा वाजतगाजत सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये त्रिकूपिसने दिवाळखोरी जाहीर केली. सगळं खापर बेदाण्यावर फोडणं अर्थात बरोबर नाही. सैन्यावरचा खर्च होता, कर्जाच्या अटी जाचक होत्या. पण शेवटचा आधार निसटला तो करंटचा. १८९५ मध्ये त्रिकूपिस स्वतःच्या जागेवरही हरला आणि पुढच्या वर्षी वारला. कुठे? फ्रान्समध्ये, कान शहरात.

सामान्य शेतकऱ्याचं काय झालं? वेल म्हणजे काही गहू नव्हे, की यंदा नाही पेरला. ती लावलेली असते, कर्ज डोक्यावर असतं आणि माल दरवर्षी येतच राहतो. १८९५ पासून सरकारने निर्यातीच्या मालातला काही हिस्सा काढून घेऊन अल्कोहोलकडे वळवायला सुरुवात केली. तेवढ्याने भागलं नाही. लोक गाव सोडायला लागले. १८९० ते १९१४ या काळात ग्रीसच्या लोकसंख्येचा सुमारे सहावा हिस्सा देश सोडून गेला, बहुतेक अमेरिकेला. त्या लाटेची सुरुवात या बेदाण्याच्या गावांतूनच झाली.

हे सगळं वाचताना मला सारखी आठवण येत होती ती वायटूकेची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या आयटी कंपन्यांना धो धो काम मिळालं ते दुसऱ्यांच्या जुन्या कोडमधल्या किड्यामुळे. फरक एकच. त्या किड्याची तारीख आधीच माहीत होती, म्हणून १ जानेवारी २००० नंतर काय करायचं याचा विचार करायला वेळ मिळाला. ग्रीक शेतकऱ्याला तारीख कोणी सांगितली नव्हती. आपण ज्याला मागणी म्हणतोय ती खरं तर दुसऱ्याची अडचण आहे, आणि तो ती सोडवायला रात्रंदिवस झटतोय, हे बांधावर उभं राहून दिसत नाही. महिन्याच्या पगारावरूनही दिसत नाही. माझं काम कोणाला हवं म्हणून हवंय आणि कोणाला सध्या इलाज नाही म्हणून हवंय, हा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारलेला बरा. ऑलिव्ह तोडण्याआधी तर नक्कीच.

आणि करंटचं पुढे काय झालं? तो आजही पिकतो. पात्रासजवळच्या एगिओ भागातल्या करंटला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे. त्याचं मोठं गिऱ्हाईक आजही ब्रिटनच. अडचणीपोटी आलेला फ्रेंच निघून गेला. चव आवडते म्हणून घेणारा इंग्रज चारशे वर्षांनंतरही नाताळच्या पुडिंगसाठी करंट विकत घेतोच आहे.