सुप्याची बाजारपेठ आणि जळालेलीं खतें

पुणें जिल्ह्यांतील सुपें हें गांव शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतें. त्याच गांवीं 1875 सालच्या मे महिन्याच्या 12 व्या तारखेस जें घडलें, त्याची गोष्ट मात्र आमच्या सुशिक्षित घरांतून फारशी निघत नाहीं. सुपें त्या काळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. हल्लीं तें बारामती तालुक्यांत आहे. तेथें मोठी बाजारपेठ होती, व तींत मारवाडी आणि गुजर सावकारांचीं दुकानें होतीं. आसपासच्या खेड्यांतील कुणबी त्या दिवशीं जमावानें पेठेंत शिरले आणि त्यांनीं सावकारांजवळ खतें व वह्या मागितल्या. हातीं आले ते कागद त्यांनीं जाळले, दुकानांतील धान्य लुटलें, आगीहि लावल्या. पुढील दोन महिन्यांत हें लोण अहमदनगर जिल्ह्यांत पोंचलें. तीसांहून अधिक गांवें त्यांत सांपडलीं आणि सरकारनें 951 इसमांस पकडलें.

या दंग्यांचा एक विशेष सरकारी चौकशींतहि नमूद झाला. सावकारानें मुकाट्यानें खतें दिलीं तर बहुतेक ठिकाणीं जमाव निघून जाई. तो आडवा आला म्हणजे दांडगाई होई. माणसांवर हात टाकल्याचीं उदाहरणें त्या मानानें थोडीं. भुकेला मनुष्य धान्य लुटतो, सूड घेणारा मनुष्य डोकें फोडतो. परंतु ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा लोकांनीं कागदच कां धरावा? आमच्या मतें दंग्याचें सारें मर्म या प्रश्नांत आहे.

सावकारी इंग्रजांनीं आणली असें मानणें चुकीचें होईल. पेशवाईंतहि कुणबी कर्ज काढीत असे, आणि त्या वेळचा सावकार कांहीं साधुसंत नव्हता. तो तगादा लावी, दारांत धरणें धरून बसे. परंतु त्यास त्याच गांवांत राहावयाचें असे. पाटील नाराज झाला तर वसुली अडे. तंटा पंचायतींत गेला तर पंच ऋणकोच्या ओळखीचे असत. व्याज मुद्दलापेक्षां अधिक मागूं नये हा दामदुपटीचा निर्बंधहि लोकांच्या मनांत मुरलेला होता. जमीन काढून घेऊन तिचें त्यानें करावें काय, हाहि प्रश्न होताच. कारण तिला गिऱ्हाईक क्वचितच मिळे.

1818 नंतर ही घडी एका झटक्यानें मोडली नाहीं. ती एकेका कायद्यानें मोडली, आणि त्यांतला प्रत्येक कायदा करणारास आपण सुधारणाच करीत आहों असें प्रामाणिकपणें वाटत होतें. रयतवारी पद्धतीनें कुणब्याचें नांव सरकारी दप्तरांत चढलें व जमीन त्याची, म्हणून विकण्याजोगी, झाली. सारा रोख व ठराविक हप्त्यानें द्यावयाचा; पाऊस पडो वा न पडो. 1855 सालीं व्याजाच्या दरावरील जुनी मर्यादा उठली. 1859 सालीं मुदतीचा कायदा झाला व साध्या खतांची मुदत तीन वर्षांची ठरली. व्याज फार सांचूं नये हा त्यांतील हेतु. पण सावकारानें दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुद्दलांत घालून नवें खत लिहून घेण्याचा परिपाठ पाडला, आणि दामदुपटीचा बांध असा कायद्याच्याच हातानें फुटला. 100 रुपयांच्या कर्जावर 2000 रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचें एक प्रकरण चौकशीच्या दप्तरांत आहे.

या खतावर कुणबी सही करी ती नांगराची. लिहितां येत नसल्यामुळें त्याच्या नांवापुढें नांगराचें चित्र काढावयाचें व ‘निशाणी नांगर’ असें लिहावयाचें, ही रीत जुन्या कागदपत्रांत सर्वत्र आढळते. वर काय लिहिलें आहे हें लिहिणारास ठाऊक. पुढें तोच कागद कित्येक कोसांवरील दिवाणी कोर्टांत उभा राही; समन्स कधीं पोंचे, कधीं पोंचत नसे; पोंचलें तरी कुणबी भिऊन जात नसे; आणि हुकूमनामा बहुधा एकतर्फी होई. मुनसफ कागद पाही. त्यास दुसरें कांहीं पाहण्याची मुभा कायद्यानें ठेविली नव्हती. तो मुनसफ, तो वकील, तो नाझर व खत लिहिणारा तो कारकून हे बव्हंशीं आमच्याच वर्गांतले होते, हें येथें नमूद केल्यावांचून पुढें जाणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. आमच्या पांढरपेशा घरांतील पहिलीं पुस्तकें आणि पहिल्या शाळेच्या फिया ज्या प्राप्तींतून आल्या, तींत या कोर्टांचा वांटा लहान नव्हता.

एवढ्यानेंहि दंगा झाला नसता कदाचित्. परंतु 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा सावकारांच्या द्वारें दख्खनच्या खेड्यांत ओतूं लागला. कापसाच्या एका एकरास 100 रुपये आगाऊ मिळूं लागले. कुणब्यानें कर्ज काढलें आणि सावकारानें आनंदानें दिलें. त्यांत मूर्खपणा कोणाचाच नव्हता. 1865 सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि सावकारानें हात आखडता घेतला. 1867 पासून तीस वर्षांच्या जमाबंदीची फेरतपासणी निघाली, आणि तेजीच्या दिवसांकडे पाहून कित्येक ठिकाणीं सारा 50 ते 100 टक्क्यांपर्यंत वाढला. बाजार उतरला, सारा चढला, आणि पूर्वीं अशा वेळीं थांबावयास लावणारें गांव आतां मध्यें पडूं शकत नव्हतें.

तरी गांवानें एक प्रयत्न करून पाहिला. 1874 च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें येथें काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचें राहतें घर पाडावयास घेतलें. प्रतिष्ठित घराण्याची ही अवस्था पाहून गांव चिडलें. सावकाराचें शेत कोणी करीना. न्हाव्यानें हजामत सोडली, परटानें धुणें, कोळ्यानें पाणी. जुन्या काळीं या शस्त्रानें भलाभला वठणीस आला असता. आतां सावकार आपला बाडबिस्तरा तालुक्याच्या गांवीं हलवूं शकत होता. त्याचें बळ गांवांत नव्हतेंच, तें कोर्टांत होतें. बहिष्कारानंतर पांच महिन्यांनीं सुप्यास आग लागली.

जेथें ब्राह्मण व मारवाडी असे दोन्ही सावकार होते तेथें बहुधा मारवाड्यासच उपद्रव झाला, असें चौकशीमंडळास दिसलें. परकेपणाचा राग त्यांत होता, व तो झांकण्याचें कारण नाहीं. तथापि ब्राह्मण सावकाराचें खत मारवाड्याच्या खताहून सौम्य असे, असें मानावयास आम्हांस आधार सांपडत नाहीं.

1972 सालीं नील चार्ल्सवर्थ यांनीं असा पक्ष मांडला कीं, या दंग्यांचें महत्त्व निष्कारण वाढविण्यांत आलें आहे. दंगे थोड्या गांवांत झाले, जमिनी सर्रास सावकारांच्या घशांत गेल्या नव्हत्या, हें त्यांचें म्हणणें बरेंच मान्य करावें लागेल. चौकशी झालेल्या गांवांत कर्जानें गांजलेले खातेदार सुमारें एक तृतीयांशच होते. पण त्या तिसऱ्या हिश्शाचें कर्ज साऱ्याच्या सरासरी अठरापट होतें, व त्यांतील जवळ जवळ दोन तृतीयांश जमिनीच्या तारणावर होतें. ज्याची जमीन अजून गेलेली नाहीं पण जाणार हें ज्यास दिसत आहे, तो मनुष्य अधिक शांत असतो काय?

चौकशीनंतर 1876 ते 1878 चा दुष्काळ आला, आणि 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. कोर्टानें खतामागें जाऊन मूळ देणें किती तें शोधावें, ऋणकोस कर्जासाठीं तुरुंगांत टाकूं नये, दाव्याआधीं सलोख्याचा यत्न व्हावा, खेडुताचें खत सरकारी निबंधकासमोर लिहिलें जावें, अशीं त्याचीं कलमें. म्हणजे सुप्याच्या जमावानें आगींत टाकलेल्या कागदाकडे कायदाहि संशयानें पाहूं लागला. न्यायमूर्ति रानडे 1881 पासून याच कायद्याच्या देखरेखीच्या कामावर जिल्ह्यांतून फिरले. खत तपासण्याची सोय झाली. पण शेतकऱ्यानें बीं-बैल घेण्यास पैसा आणावा कोठून, याची सोय कायद्यांत नव्हती. ती व्हावी म्हणून वेडरबर्न यांनीं शेतकी पेढीची योजना पुढें केली, ती विलायतेस नामंजूर झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 सालीं आला.

मधल्या पंचवीस वर्षांत सावकारानें आपली वाट काढली. गहाणखतामागें कोर्ट जातें, तर गहाण घ्यावयाचेंच नाहीं; जमिनीचें थेट खरेदीखत करून घ्यावयाचें, आणि पैसे फिटले कीं ती परत देईन असें तोंडीं सांगावयाचें. कुणबी निबंधकासमोर जाई, विचारल्यावर जमीन विकली म्हणून सांगे, आणि खरेदीखताखालीं निशाणी नांगराची करून घरीं येई.