डोंगरवाटेचे वाटेकरी

‘वाटेकरी’ हा शब्द ‘वाटा’ यावरून आला, ‘वाट’ यावरून नव्हे. तथापि एकाच वाटेला नवा वाटेकरी लाभला म्हणजे काय घडते, याचा मोठा बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहावयास मिळतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली दुरुस्त करून, वणवे विझविण्यासाठी काढलेल्या रस्त्यांवरून खाली भरधाव सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उतारावर ब्रेक इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई व पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीस ‘रिपॅक’ हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सायकल बांधली, आणि १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी तिचा व्यवसाय मांडला.

पायी हिंडणारे आणि घोडेस्वार हे वाटेचे जुने मालक. त्यांना ही धडधड रुचली नाही. पुष्कळ अरुंद पायवाटांवर सायकलींस मज्जाव झाला; रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. तेव्हा १९८८ मध्ये सायकलस्वारांनी आपली संघटना स्थापून सदाचाराचे नियम प्रसृत केले. सायकलस्वाराने पादचाऱ्यास वाट द्यावी, आणि घोड्यास दोघांनीही द्यावी, हा परिपाठ आजही मानला जातो.

कायद्याची कथा याहून मनोरंजक आहे. १९६४ च्या अरण्यकायद्याने संरक्षित रानांत ‘यांत्रिक वाहतूक’ निषिद्ध ठरविली. १९६६ च्या नियमांत वनखात्याने तिचा अर्थ निर्जीव शक्तीने चालणारे वाहन असा केला होता. माणसाच्या पायांनी चालणारी सायकल त्यात बसत नव्हती. १९८४ मध्ये मात्र तीही स्पष्ट शब्दांत वर्ज्य झाली.

मग आली विजेची सायकल. पहिल्या वर्गातील सायकलीचे यंत्र पाय मारतानाच साहाय्य करते आणि ताशी २० मैलांवर थांबते. ही शक्ती सजीव म्हणावी की निर्जीव? ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, म्हणजे तेथील सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने, साध्या सायकलीस जेथे मुभा तेथे हिलाही द्यावी, असा आदेश काढला. २०२० च्या नियमांनी अंतिम निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविला. कृषिखात्याच्या अखत्यारीतील वनखाते मात्र हिची गणना मोटार वाहनांत करते. एकच सायकल खात्याची हद्द ओलांडताच जात बदलते! फायलींत आयुष्य वेचणाऱ्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही.

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. काल ज्यांना उपरे म्हणून हटकले गेले, त्या डोंगरी सायकलस्वारांपैकीच अनेकजण आज वीजसायकलवाल्यांस हटकू लागले आहेत. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. एका यंत्रामुळे आपल्याही मिळालेल्या वाटा पुन्हा बंद होतील, असे त्यांना वाटते.

इंग्लंडने १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलीस प्रवेश दिला, पण त्याच कलमात पादचारी व घोडेस्वार यांना वाट देण्याचे कर्तव्यही घातले. पुढे मर्यादित शक्तीची वीजसायकल कायद्याने सायकलच ठरली, आणि तेच कर्तव्य तिच्याही वाट्यास आले. आम्हांस ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. वाहनाची जात ठरविण्यात पिढ्या जातात; पण समोरून माणूस येताना दिसताच वेग कमी करण्यास कोणत्याही व्याख्येची गरज लागत नाही. नोकरीनिमित्त परप्रांती वसलेले आम्ही कोठे ना कोठे नवे वाटेकरीच आहोत. वाट मागणाऱ्याने आधी वाट द्यावयास शिकावे, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. आणि काही वर्षांनी आपण जुने झालो म्हणजे तेच विसरावयास होते, हेही.