वेताळाचा परतीचा प्रवास

बोम्मसंद्र्यात आमच्या घरी रविवारी माझा भाचा आणि त्याचे मित्र दहा बाजूंचे फासे घेऊन बसतात. खेळ 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड'. मार्क राइन-हागन यांनी रचलेला हा खेळ १९९१ साली अमेरिकेत निघाला. यात शिकागोसारख्या आधुनिक शहरावर रात्री एका 'प्रिन्स'ची सत्ता असते. नव्याने आलेल्याने त्याच्यापुढे हजेरी लावायची, इलाख्याची हद्द पाळायची आणि माणसांना आपला सुगावा लागू द्यायचा नाही. भाच्याने विचारले, "मावशी, याला मराठीत वेताळ म्हणू ना?"

प्रश्न जुना आहे. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी 'वेताळपंचविशी' आली. १८७० साली रिचर्ड बर्टनने त्याच कथाचक्राचे इंग्रजी रूपांतर केले आणि शीर्षकातच वेताळाचा 'व्हॅम्पायर' केला. कथांतला वेताळ मात्र प्रेतात वसतो आणि राजाला कोडी घालतो. रक्तावर जगत नाही. कोकणात तर तो देव. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे.

हद्द दोघांनाही आहे, म्हणून शब्दाचा मोह होतो. पण प्रिन्स हद्दीतल्या माणसांवर पोसतो, वेतोबा त्यांच्यासाठी चपला झिजवतो. बर्टनच्याच वाटेने उलट परतलो, तर शब्द उरेल आणि राखणदार जाईल. भाच्याला म्हटले, "व्हॅम्पायरच म्हण."