विज्ञान-गणित शिक्षण, अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांचे (अमेरिका)

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांतील पदवी पूर्ण करता यावी, म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विविध उपाय योजण्यात आले. प्रथम विद्यार्थ्यास पैसा पुरविणे, नंतर त्याच्यातील उणीव भरून काढणे आणि शेवटी शिकण्या-शिकविण्याची रीतच पालटणे, अशा तीन विचारधारा या प्रयत्नांत आढळतात.

आर्थिक साहाय्य : सोव्हिएट रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियम संमत झाला. त्यान्वये गरजू महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कर्जे देताना विज्ञान, गणित, अभियांत्रिकी वा आधुनिक परकीय भाषा यांत विशेष गती असणाऱ्यांचा खास विचार होई. लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दीत दारिद्र्यनिर्मूलनाच्या कार्यक्रमातून शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘अपवर्ड बाउंड’ ही योजना निघाली आणि १९६५ मध्ये उच्च शिक्षण अधिनियम झाला. परतफेड न करावयाचे मूलभूत अनुदान १९७२ मध्ये सुरू झाले. सिनेटर क्लेबॉर्न पेल (१९१८–२००९) यांच्या गौरवार्थ १९८० मध्ये त्यास ‘पेल अनुदान’ हे नाव मिळाले.

अडचणींचे स्वरूप : या साहाय्यामुळे महाविद्यालयाचे दार उघडले, परंतु विज्ञानशाखेत टिकून राहण्याचा प्रश्न सुटला नाही. या शाखेतील अभ्यासक्रम एकावर एक रचलेले असतात. कलन, म्हणजे बदलत्या राशींचे गणित, पहिल्याच सत्रात हुकले की त्यावर आधारलेले भौतिकी व अभियांत्रिकीचे विषय लांबणीवर पडतात. प्रयोगशाळेच्या ठरलेल्या वेळा आणि पोटासाठी केलेली नोकरी यांचा मेळ बसत नाही. पूर्वतयारी अपुरी ठरलेल्यांसाठी उपचारात्मक वर्ग असत; पण त्यांत सत्रे खर्ची पडत. पेल अनुदानास २०१२ पासून बारा सत्रांची आजीवन मर्यादा असल्याने हा विलंब अधिकच महाग पडतो.

ट्राइसमन यांचे निरीक्षण : यूरी ट्राइसमन यांनी १९७० नंतरच्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधक विद्यार्थी असताना कलन शिकणाऱ्या वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. कृष्णवर्णीयांच्या अपयशाची कारणे म्हणून जिद्दीचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरचा अपुरा पाठिंबा व अल्प उत्पन्न ही सांगितली जात; यांपैकी एकही निरीक्षणाच्या कसोटीस उतरले नाही. फरक दिसला तो अभ्यासाच्या रीतीत. चिनी विद्यार्थी एकट्याने अभ्यास केल्यावर गटाने बसत, उत्तरे ताडून पाहत व एकमेकांच्या चुका दाखवीत; कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू असूनही बहुधा एकाकीच अभ्यास करीत. त्यामुळे चूक स्वतःची की सर्वांचीच, हे त्यांना परीक्षेपूर्वी कळत नसे. यावरून ट्राइसमन यांनी १९७८ च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी उजळणी न घेता नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे गटागटांना सोडवावयास दिली जात. सहभागी विद्यार्थ्यांचे यश लक्षणीय ठरले व या पद्धतीचे अनुकरण इतर अनेक विद्यापीठांत झाले. पाहणीतील सर्वच विद्यार्थी निर्धन नव्हते. तथापि दुर्बलता विद्यार्थ्यातच असते, या गृहीतकास तिने मोठा धक्का दिला.

पुढील योजना : चॅलेंजर यानाच्या अपघातात मृत्यू पावलेले भौतिकीविज्ञ रॉनल्ड मॅक्‌नेअर (१९५०–८६) यांच्या नावाने, अल्प उत्पन्न गटांतील व कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांना संशोधनाकडे वळविणारी योजना सुरू झाली. बॉल्टिमोर काउंटी येथील मेरिलँड विद्यापीठात गणितज्ञ फ्रीमन ऱ्हबाउस्की यांनी १९८८ मध्ये मायरहॉफ योजना स्थापिली. ती गुणवत्तेवर आधारलेली असून उन्हाळी पूर्ववर्ग, गटाभ्यास व प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष संशोधन हे तिचे विशेष होत.

राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९९८ च्या एका कायद्यानुसार अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्यांचा निधी परदेशी तज्ञांना ‘एच-१बी’ परवान्यावर नेमणाऱ्या मालकांकडून घेतलेल्या शुल्कातून येतो. अशा तज्ञांत भारतीयांची संख्या सर्वाधिक असल्याने, महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या संगणक-अभियंत्यांच्या नेमणुकांचाही या निधीस हातभार लागला आहे. या योजनेत केवळ रक्कम न देता मार्गदर्शक व सहाध्यायींचा गट देणेही अपेक्षित असते.

पैशावाचून निर्धन विद्यार्थी महाविद्यालयात पोहोचत नाही. परंतु तेथे तो टिकतो, तो कठीण काम सोपविणाऱ्या शिक्षकांमुळे आणि सोबत बसणाऱ्या सहाध्यायींमुळे, असे या इतिहासावरून दिसते.