डोक्यावर १०५ किलोमीटरवर वाहणारी वीज आणि तुमच्या फोनचं जीपीएस

‘मॅपवरचा निळा ठिपका रस्ता सोडून बाजूला का पळतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उंच इमारती हे त्याचं एक कारण. दुसरं कारण थेट सूर्याशी जोडलेलं आहे.

ही वीज येते कुठून?
सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या हवेतल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आयनोस्फिअर म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तावर, साधारण १०५ किमी उंचीवर, दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक अरुंद पट्टा वाहतो. हाच इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणून तर १९६३ मध्ये भारतातलं पहिलं रॉकेट केरळमधल्या थुंब्याहून उडालं!

सूर्य बदलला की काय होतं?
सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. ती वाढली की सुटे इलेक्ट्रॉन वाढतात, हवेतून वीज सहज वाहते आणि प्रवाह जोर धरतो. सौरज्वाला उसळली तर तिचे क्ष-किरण आठ-सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात आणि प्रवाह एकदम उसळी घेतो. रात्री तो जवळपास थांबतो. कधीकधी तर भरदिवसा उलटाही फिरतो.

मोजतात कसा?
इथे आपलं अलिबाग येतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. तमिळनाडूतलं तिरुनेलवेली या पट्ट्याच्या खाली आहे, अलिबाग बाहेर. दोन्हीकडच्या चुंबकीय नोंदींची वजाबाकी केली की इलेक्ट्रोजेटचा जोर कळतो.

मग फोनचं काय?
हा प्रवाह चालवणारं विद्युतक्षेत्रच इलेक्ट्रॉनना वर ढकलतं आणि ते उत्तर-दक्षिणेला पसरतात. त्या दाट थरातून येताना उपग्रहाचा सिग्नल रेंगाळतो आणि अंतर काही मीटरने, कधी त्याहूनही जास्त चुकतं. फोन अंदाजे दुरुस्ती करतो, पण सूर्य तापलेला असला की हा अंदाज तोकडा पडतो.

यावर उपाय आहे. दोन फ्रिक्वेन्सींचे सिग्नल वेगवेगळे रेंगाळतात, त्यामुळे त्यांच्या फरकावरून चूक काढता येते. म्हणून नवा फोन घेताना मी कॅमेऱ्यासोबत ‘एल१ + एल५’ किंवा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ लिहिलंय का, हेही बघतो. तुम्हीही बघा.