हुमणी आणि वाळवी

वळवाच्या मोठ्या सरीनंतर अंगणातल्या दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यांत या दोन्ही जाती सापडतात. हुमणी (होलोट्रायकिया सेराटा) हा भुंगेरा. वाळवी (ओडोंटोटर्मिस ओबेसस) झुरळांच्या गणातली. तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणणे चुकीचे आहे. दोघींचे घर मातीतच, पण कोरडे महिने काढण्याची रीत अगदी वेगळी.

हुमणीची भिस्त वेळ साधण्यावर. पहिला पाऊस पडला की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमून पाला खातात, मीलन उरकतात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. अंडी मातीतच. इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी अळी पावसाळाभर ऊस, भुईमूग यांची मुळे कुरतडते, पोखरलेले उसाचे बेट नुसत्या हिसक्याने उपटून येते. पुढे ती खोल मातीच्या कोठडीत कोषात जाते. भुंगेरा तयार झाला तरी बाहेर येत नाही, पावसाची वाट पाहत तसाच पडून राहतो. वर्षाला पिढी एकच. नुकसान भाद्रपदात डोळ्यांत भरते, पण खरा उपाय ज्येष्ठातला: रात्री झाडे हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे. तेही सगळ्या गावाने मिळून. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरचा निंब आहेच.

वाळवी वाट पाहत नाही, बांधते. तिची कातडी इतकी नाजूक की उघड्यावर ती सुकून मरते. म्हणून लाळेत कालवलेल्या मातीचे वारूळ, आणि बाहेर पडायचे तर वरून मातीचा बोगदा. वारुळाच्या पोटात बारमाही ओल असते. चावून आणलेल्या पालापाचोळ्याच्या विष्ठेवर कामकरी वाळवी तिथे बुरशीची शेती करते. लाकडातला चिवट भाग बुरशी कुजवते, आणि ते तयार अन्न सारी वसाहत खाते. याच बुरशीच्या छत्र्या पावसाळ्यात वारुळावर उगवतात. गोव्यात चढ्या भावाने विकली जाणारी रोण ओळमी ती हीच, रोण म्हणजे वारूळ. अंड्यांनी फुगलेली राणी जागची हलत नाही. नागपंचमीला पूजा होते ती या बांधकामाची. नागोबा आयत्या बिळावरचा.

पंखवाल्या वाळव्या मात्र थव्याने उडतात. बहुतेक कोतवाल, बेडूक, पालींच्या तोंडी जातात. वाचलेली जोडी पंख गाळून ओल्या जमिनीत शिरते. त्याच दिवसांत, त्याच मऊ मातीत हुमणी अंडी घालत असते.